विघ्नसंतोषी

रात्रीचे दोन. क्रॉलीची औद्योगिक वसाहत.
एका बाजूला बिस्किटांचं गोदाम, दुसरीकडे टायरवाला,
मधल्या शेडमध्ये सहा पायांवर उभी
एक पांढरी पेटी. तिला पंख नाहीत, शेपूट नाही,
आतून मात्र ती अख्खं विमान आहे.
आम्ही आत शिरलो की मागचा पूल मी उचलून घेतो.

पुढे दोघं. गॅरेथ प्रॉथरो, कॅप्टन, निवृत्तीला अकरा महिने.
टॅम्सिन हेल, सव्वीस वर्षांची, वेणी इतकी घट्ट
की भुवया वर ओढल्या गेल्यात.
मागे मी. माझ्यापुढे काचेची पाटी,
पाटीवर संकटांची यादी, विषयवार:
आग, धूर, पक्षी, बर्फ, हायड्रॉलिक,
हॉटेलातल्या मेनूसारखी. फक्त बोट लावायचं.

मराठीत याला शब्द आहे, विघ्नसंतोषी.
मी पगारी. पेन्शनसकट.
भाद्रपदात घरी शाडूची मूर्ती बसवतो तेव्हा
तिच्या नजरेला नजर देत नाही.
आमचे धंदे एकमेकांच्या मुळावर आलेले.

(पूर्वी मी पुढच्या डाव्या खुर्चीत बसायचो.
डाव्या डोळ्यातल्या एका ठिपक्यानं लायसन्स खाल्लं.
ठिपका अजून आहे. पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की
हलतो. बाकी सांगण्यासारखं काही नाही.)

तिची पाळी. गॅटविक, पावसाळी रात्र, धावपट्टी ओली,
सगळं मीच केलेलं.
वेग वाढला. प्रॉथरो म्हणाला, "व्ही वन."
म्हणजे इथून पुढे थांबणं नाही.
मांडवातलं "सावधान" ऐकून निदान एक जण तरी पळाला होता.
मी दोन श्वास मोजले
आणि उजवं इंजिन मारलं.

नाक उजवीकडे वळतं. डावा पाय दाबायचा.
हे तिला माझ्याइतकंच पाठ. पण पाय
पाठांतर कुठे ऐकतो?
उजवा गेला.
गावातले दिवे तिरपे झाले, मग कुणी ताट कलंडवावं तसे
एका कडेला गोळा झाले.

मी फ्रीझ दाबलं.

जमिनीपासून साठ फुटांवर, काचेबाहेर
पावसाचे थेंब लटकून राहिले.
एसीची घरघर ऐकू येऊ लागली.
प्रॉथरोनं नाक खाजवलं. केव्हा बोलायचं नाही
हे त्याच्या पिढीला कळतं.
टॅम्सिन मान न वळवता म्हणाली,
"मागे किती होते?"

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मागे मी आहे. माझ्यामागे बंद दार,
दारामागे शेड.
पण पाटीवर एक आकडा असतो, वजनाचा:
चौदा हजार दोनशे ऐंशी किलो.
मीच भरलेला, न बघता, रोज तोच.
माणशी चौऱ्याऐंशी, हातातल्या पिशवीसह.
लहानपणी पावकी-निमकी घोकलेली, ती अशी कामाला येते.
"एकशे सत्तर," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. पाणी नको म्हणाली.
"पुन्हा."

मी एका बोटानं एकशे सत्तर माणसं
धावपट्टीच्या टोकाला आणून ठेवली.
पहिल्यांदाच जरा हळू.

या वेळी तिचा डावा पाय खाली गेला,
गुडघा थरथरत होता, पण गेला,
आणि नाक कुरकुरत सरळ राहिलं.
फॉर्मवर मी तीन लिहिले, पाचापैकी.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: मागे किती ते विचारलं.
मग खोडलं. इंग्रजीत ते चमत्कारिक दिसत होतं.

सहाला बाहेर. गाडीच्या काचेवर दव गोठलेलं,
लायब्ररीच्या कार्डानं खरवडत होतो.
तेवढ्यात दिवसाचं पहिलं विमान उठलं,
पोटाखालचा लाल दिवा लुकलुकत.
दोन्ही इंजिनं ठणठणीत. आवाजावरून कळतं.
तरी डांबरावर माझा डावा पाय
आपसूक दाबला गेला,
आणि ते ढगात शिरेपर्यंत
मी तो सैल सोडला नाही.